खालच्या फळीवरचे उंदीर

मी तेवीस वर्षं उंदीर सांभाळले. पगारपत्रकावर हुद्दा होता 'प्राणिगृह परिचर', पण वस्तीत मला सगळे उंदीरवाले शालिकभाऊच म्हणत. लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा मुलीचे मामा चौकशीला थेट कॉलेजात आले. मी नेमका पिंजरे धूत होतो आणि एक म्हातारा पांढरा उंदीर माझ्या खांद्यावर बसला होता. मामांनी दारातूनच विचारलं, "हे काय होय?" मी म्हटलं, "हे आमचे पेन्शनर होय." मामा हसले नाहीत. तरी लग्न झालं. मुलीनं घरी सांगितलं की जो माणूस उंदराशी इतका नीट वागतो, तो बायकोवर हात उचलणार नाही. हे मला फार उशिरा कळलं.

छपन्नच्या दीक्षेनंतर वडिलांनी घरातला देव्हारा काढला आणि त्या कोनाड्यात आम्हा भावंडांच्या पाट्या ठेवल्या. ते गिरणीत होते. मी मॅट्रिक झालो, म्हणून झाडू मारण्याऐवजी मला प्राणिगृह मिळालं, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात झाडू तिथंही मारावाच लागत होता.

बाहेरच्या माणसाला हे काम समजत नाही, म्हणून थोडं सांगतो. कॉलेजात औषधांवर संशोधन चालायचं. माणसाला द्यायच्या आधी औषध उंदराला, गिनिपिगला, सशाला देऊन पाहायचं. ते प्राणी जगवणं, वाढवणं, त्यांची पैदास करणं हे माझं काम. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा, पाण्याची उलटी बाटली, भिजवलेले चणे आणि गव्हाचा भरडा. पांढरा उंदीर शेपटीनं उचलायचा नाही, मानेमागे आणि खांद्याखाली बोटं घालून उचलायचा. भ्यायलेला उंदीर चावतो, आणि भ्यायलेल्या उंदरावर केलेला प्रयोगही खोटं बोलतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, चावून घेऊन कळलं. मे महिन्यात नागपूरचं ऊन असं, की दुपारी खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून दर अर्ध्या तासानं पाणी मारावं लागे. एका मे महिन्यात टाकी कोरडी पडली तर मी आणि माळी विहिरीवरून बादल्या आणत होतो. प्राध्यापक लोक सुट्टीवर होते. उंदरांना सुट्टी नसते.

साठच्या दशकात, मी लागलो तेव्हा, बेडकांचंही काम होतं. बाईला दिवस गेलेत का हे पाहायला तेव्हा आजच्यासारखी पट्टी नव्हती. दवाखान्यातून लघवीची बाटली यायची. त्यातली थोडी नर बेडकाला टोचायची आणि दोन-तीन तासांनी बेडकाची लघवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. त्यात बेडकाचे शुक्रजंतू वळवळताना दिसले की बाई गरोदर. मी तिथंच सूक्ष्मदर्शकातून पाहायला शिकलो. बाटली घेऊन आलेले नवरे बाहेर पायरीवर बसून राहत. एक जण दर दहा मिनिटांनी आत डोकावून विचारायचा, "भाऊ, बेडूक काय म्हंते?"

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं, आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हाचं.

नलिनी मॅडम आमच्याकडे पीएचडी करत होत्या. धरमपेठेत राहायच्या, सायकलनं यायच्या आणि आल्या आल्या आधी उंदरांकडे जायच्या, मग आपल्या टेबलाकडे. त्यांचा विषय शिसं. शिशाच्या कारखान्यात, छापखान्यात, बॅटरीच्या कामात असलेल्या माणसांच्या अंगात हळूहळू शिसं साठतं. त्यानं रक्त कमी होतं, पोटात कळा येतात, हे माहीत होतं. त्या पुरुषांच्या प्रजननशक्तीवर काय होतं, हे मॅडमना पाहायचं होतं. दिवाळी झाल्यावर काही नर उंदरांच्या पाण्यात शिशाचा क्षार मिसळायला सुरुवात केली. मांडणीच्या वरच्या आणि खालच्या फळीवर शिशाचं पाणी पिणारे नर, मधल्या फळीवर साधं पाणी पिणारे. अडीच महिन्यांनी प्रत्येक नराजवळ एक मादी सोडायची आणि पिल्लं मोजायची. मादीला शिशाचा थेंबही द्यायचा नाही.

महिन्याभरात शिशाचे उंदीर उतरले. अंगावरचे केस राठ झाले. पिंजऱ्याजवळ गेलं की साध्या पाण्याचे नर जाळीला नाक लावत, हे कोपऱ्यातच बसून राहत. मला ते पाहवेना. उंदीर मारणं माझ्या कामात होतं. इथरच्या बरणीत ते शांतपणे जात आणि मी तोंड फिरवत असे. पण रोज थोडं थोडं मरताना पाहणं वेगळं.

खालच्या फळीला लागूनच गिनिपिगांचे पिंजरे होते. गिनिपिगाचं शरीर माणसासारखं, त्याला क जीवनसत्त्व बाहेरूनच द्यावं लागतं, नाही तर हिरड्या सुजतात. उंदराला त्याची गरज नसते, तो स्वतःच तयार करतो. म्हणून हिवाळ्यात गिनिपिगांना लसूणघास आणि आवळ्याच्या फोडी मिळत, उंदरांना नाही. उरलेल्या फोडी मी फेकून देत असे. त्या हिवाळ्यात मी त्या खालच्या फळीवरच्या उंदरांना द्यायला लागलो. वरच्या फळीला स्टूल लागायचं आणि माझी कंबर धरलेली होती. मॅडमना मी काहीच बोललो नाही. चार फोडींनी काय होणार, असं मला वाटलं.

याच हिवाळ्यात एका रविवारी मी कळमेश्वरला बहिणीकडे गेलो. सुशीला माझी धाकटी बहीण. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिचा नवरा ताराचंद कळमेश्वरच्या रस्त्यावर एका शेडमध्ये कामाला होता. ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या पट्ट्या लोखंडी कढईत वितळवायच्या आणि शिशाच्या विटा पाडायच्या, असं तिथलं काम. चांगला कष्टाळू माणूस. सुशीलेची सासू भागाबाईही वाईट नव्हती, पण आशेनं थकली होती.

चहा देता देता भागाबाई म्हणाली, "शालिकभाऊ, तुमच्या बहिनीचे सगळे इलाज करून झाले. दवाखाने झाले, जडीबुटी झाली. आता माह्या पोराले दुसरी करावी लागन. हिले मी घरातून काढत नाई, पन दुसरी आनीन."

सुशीला चुलीपुढे होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा तपासून सांगितलं होतं की तुझ्यात काही दोष नाही. ते ऐकून भागाबाई म्हणाली होती, मग मूल कुठं अडलं?

ताराचंद जेवायला बसला, पण दोन घास खाऊन उठला. पोट धरून भिंतीला टेकला. चेहरा पिवळट. मी विचारलं, "जवाईबापू, तब्येत बरी नाई का?"

"बरी हाय भाऊ. पोटात मुरडा येते मधातच. शेठ रोज गूळ देते खाले, त्यानं उतरते."

मी परत आलो. खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. रोज शिशाच्या बाटल्या भरणारा मी, माझ्याच जावयाच्या तोंडावर तेच उतरलेपण पाहून आलो आणि बसमध्ये झोपलो.

फेब्रुवारीत मॅडमनी नरांजवळ माद्या सोडल्या. मार्चमध्ये पिल्लं झाली. मधल्या फळीवर, साध्या पाण्याच्या माद्यांना आठ-आठ, दहा-दहा. वरच्या फळीवर बहुतेक माद्यांची पोटं रिकामी, एकीला दोन, एकीला तीन. मी वही धरून उभा होतो. मी विचारलं, "मॅडम, या माद्या बिमार आहेत का?"

"माद्या ठणठणीत आहेत शालिक. त्यांना आपण काही दिलंच नाही. नराचे शुक्रजंतू कमी झालेत, जे आहेत ते अर्धमेले आहेत. पोट मादीचं रिकामं दिसतं, कारण नरात असतं."

माझ्या हातातून वही पडली नाही किंवा तसलं काही झालं नाही. मी पुढचा पिंजरा ओढला. पण त्या क्षणी मला कळमेश्वरची चूल दिसली, आणि पाठमोरी सुशीला.

पुढचा पिंजरा खालच्या फळीवरचा होता. मादीला सहा पिल्लं. त्याच्या शेजारी सात. मग पुन्हा सहा. मॅडमनी तीनदा मोजलं. "हे कसं शक्य आहे? शिसं तर दोन्ही फळ्यांना सारखंच दिलंय."

त्यांना वाटलं आपलं द्रावण चुकलं. सगळी मापं पुन्हा तपासली, रात्रंदिवस वह्या चाळल्या. त्यांचे मार्गदर्शक, आमचे विभागाचे सर, सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस नलिनी, एका फळीवर शिसं काम करतं आणि दुसऱ्या फळीवर करत नाही? तुम्ही बाटल्या अदलाबदल केल्यात. ये सब कचरे में डालो." मॅडम पिंजऱ्यांच्या खोलीत येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या.

मला कारण माहीत होतं. आवळ्याशिवाय त्या दोन फळ्यांत दुसरा फरकच नव्हता. मी आठ दिवस गप्प राहिलो. माझी नोकरी तोवर हंगामी होती आणि कायम करण्याचा कागद सरांच्याच टेबलावर सहीला पडला होता. घरी दोन मुलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या बाईनं वरीस घातलं त्यात. तिले काहून फसवता?" एवढंच. सल्ला वगैरे काही नाही.

दुसऱ्या दिवशी सर आणि मॅडम दोघंही खोलीत असताना मी सांगून टाकलं. सरांना आधी समजलंच नाही. "आवळा? कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही साहेब. त्यांच्याकडे पाहवत नव्हतं."

सर उठून उभे राहिले. "एक वर्षाचं काम तू वाया घालवलंस. हा प्रयोग आहे, पांजरपोळ नाही. गेट आउट."

मी दारापर्यंत गेलो तेव्हा मॅडमचा आवाज आला. "थांबा शालिक. कोणत्या पिंजऱ्यात किती फोडी टाकल्या, आठवतं का?"

आठवत होतं. गिनिपिग रोज किती खातात त्यावर उरलेलं ठरायचं. भिंतीकडच्या तीन पिंजऱ्यांना रोज मिळायचं, दाराकडच्या दोघांना एक दिवस आड. मॅडमनी वहीत पाहिलं. दाराकडच्या दोन माद्यांना पिल्लं कमी होती. सर पुन्हा खाली बसले. मग म्हणाले, "याला प्रबंधात जागा नाही. पण पुन्हा करण्यासारखं आहे."

माझा कागद वर्षभर तसाच पडून राहिला. ते मी समजू शकतो. मॅडमचं नुकसान मात्र मोठं झालं. त्यांची शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपत होती. दुसरा प्रयोग पुढच्या हिवाळ्यात करायचा म्हणजे तोवर शाळेत शिकवून संशोधन करायचं. ठरलेलं लग्न पुढं गेलं. महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. एकदा एवढंच म्हणाल्या, "मला तुमचा राग आलाय शालिक. तो जाईल, पण अजून गेलेला नाही."

त्याच महिन्यात मी कळमेश्वरला गेलो. ताराचंदला बाहेर चिंचेखाली नेलं आणि जे पाहिलं ते सांगितलं. शिशानं नराचं काय होतं, मादीचा त्यात दोष नसतो, सरकारी दवाखान्यात एक तपासणी करून घ्या.

तो ऐकत होता तोवर ठीक होतं. तपासणी म्हणताच उठला. "मले उंदीर समजून राह्यले का भाऊ? मी मर्द मानूस हाय. आन् तो दवाखाना! मागच्या सालीच आमच्या शेजारच्याले तपासतो म्हनून नेलं आन् नसबंदी करून पाठवलं. मी त्या दारात पाय ठेवत नाई."

भीती खोटी नव्हती. त्या काळात कुणाही गरीब माणसाला त्या तपासणीचं नाव काढलं तर तो असाच उठला असता. मी हात जोडले, म्हटलं राग मानू नका. आणि मग एक चूक केली. त्याला काहीतरी द्यावं म्हणून आवळ्याची गोष्ट सांगितली. आवळा खाल्लेल्या उंदरांना पिल्लं झाली, असं सांगितलं.

भागाबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं आवळा धरला. बाजारातून सुकवलेला आवळा आणला, पुढं हिवाळ्यात ताजा आणला, मोरावळा घातला. ताराचंद रोज सकाळी दोन आवळे खाऊन कढईवर जायला लागला. दुसरी बायको आणायची गोष्ट थांबली, म्हणून सुशीला मला दुवा देत होती. मला मात्र ताराचंद भेटला की तो म्हणायचा, "आता काई चिंता नाई भाऊ. आवळा चालू हाय." त्याच्या दातांच्या मुळाशी हिरड्यांवर निळसर रेघ आली होती.

मी मॅडमना हे सांगितलं, तेव्हा त्यांचा राग गेला की वाढला हे मला कळलं नाही. "अहो, लोखंडाला गंज चढतो तसं काहीसं आत होतं, शिसं अंगात गेलं की. आवळ्यातलं काहीतरी तो गंज आपल्यावर ओढून घेत असावं. असावं, बरं का. माझा अंदाज आहे. पण रोज नवा गंज चढवत राहिलात तर आवळा किती पुरणार? तुम्ही त्यांना औषध दिलं नाही शालिक, तुम्ही त्यांना त्या कढईवर थांबायला निमित्त दिलं."

आता 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द वर्तमानपत्रात दर आठवड्याला छापून येतो आणि माझी सून मला ग्रीन टी देते. तेव्हा तो शब्द मॅडमच्या वहीत होता आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह होतं.

दुसऱ्या हिवाळ्याच्या प्रयोगात मला विश्वासात घेऊनही दूर ठेवलं. पिंजऱ्यांना नुसते आकडे. कोणत्या बाटलीत काय आहे हे फक्त मॅडमना ठाऊक. आवळ्याचा रस त्या स्वतः नळीनं पाजत, आणि बाकीच्यांनाही तेवढंच पाणी नळीनं पाजत, म्हणजे त्रास सगळ्यांना सारखा. गट तीन ठरले होते: साधं पाणी, शिसं, आणि शिसं व आवळा. मी धीर करून विचारलं, "मॅडम, शिसं मधेच बंद केलं तर काय होते, ते नाही पाहायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणासाठी विचारतोय हे त्यांना कळलं. सरांनी कुरकुर केली, पण आणखी दोन गट वाढले: शिसं बंद करून नुसतं पाणी, आणि शिसं बंद करून आवळा. माझ्या तेवीस वर्षांत एवढा एकच प्रश्न मी विचारला जो कागदावर गेला. त्याचा मला अजून अभिमान आहे.

निकाल असा आला. शिशासोबत आवळा मिळालेल्या नरांची पिल्लं नुसत्या शिशाच्या नरांपेक्षा जास्त, पण साध्या पाण्यापेक्षा बरीच कमी. शिसं बंद केलेले नर हळूहळू सावरले. शिसं बंद आणि आवळा चालू, ते सगळ्यांत लवकर सावरले.

मॅडम म्हणाल्या, "तुमच्या जावयांना घेऊन या. तपासायला नाही, पाहायला."

ताराचंद एकटा आला नसता. सुशीला आणि भागाबाई सोबत होत्या म्हणून आला. तोवर त्याची मनगटं ढिली पडायला लागली होती, कढईतली पळी त्याला दोन्ही हातांनी धरावी लागत होती. मी तिघांना मांडणीपुढे उभं केलं. मॅडम साध्या भाषेत सांगत होत्या. हे साधं पाणी पितात, हे शिसं. पिंजऱ्यातली पिल्लं पाहून भागाबाईनं तोंडाला पदर लावला. नुसत्या शिशाच्या नराजवळची मादी रिकाम्या भुशात बसली होती. भागाबाईनं विचारलं, "हिले काई झालं हाय का बाई?"

"तिला काही झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आम्ही तिला दुसऱ्या, साध्या पाण्याच्या नराजवळ ठेवलं की तिला पिल्लं होतात."

मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच लावली आणि ताराचंदला खुर्ची दिली. तो आधी बसेना. मी म्हटलं, "बेडकाचं पाह्यलं, उंदराचं पाह्यलं, त्यात लाजायचं काय?" तो बसला. एक डोळा मिटायचा कसा हे त्याला जमत नव्हतं, तर सुशीलेनं मागून येऊन त्याच्या डाव्या डोळ्यावर हात धरला.

पहिली काच साध्या पाण्याच्या नराची. "बाप्पा," तो म्हणाला, "किती धावून राह्यले!" दुसरी काच लावली. तो बराच वेळ पाहत राहिला. मॅडमनी विचारलं, "दिसतंय का?"

"दिसते." मग थोड्या वेळानं, "दोन-तीनच हाय. आन् ते हलून नाई राह्यले."

तो उठला नाही. डोळा तसाच लावून बसला. मग काचेवरून मान वर न करता म्हणाला, "आई, सुशीलेले आता काई बोलू नको. खोट माह्यात हाय."

भागाबाई पिंजऱ्यांकडे पाहत राहिली. तिनं नंतर सुशीलेला काही म्हटलं असेल तर ते माझ्यासमोर नाही. पण बसस्टॉपवर जाताना तिनं सुशीलेच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, हे मी पाहिलं.

दवाखान्यात मी सोबत गेलो. तपासणी होईपर्यंत ताराचंदनं माझं मनगट सोडलं नाही. डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, रक्त तपासलं, बाकीचंही तपासलं. जे काचेत दिसलं होतं तेच माणसाच्या बाबतीत निघालं. डॉक्टर म्हणाले, पोटाच्या कळांवर गोळ्या देतो, पण खरं औषध एकच, ते काम सोडा.

त्यानं सोडलं. शेठनं दोनदा माणूस पाठवला, दुधाचा रतीब लावून देतो म्हणाला. ताराचंद गेला नाही. कोराडीच्या कॉलनीत हातगाडीवर भाजी विकायला लागला. सुरुवातीला ओरडायला लाजायचा, तर सुशीला पुढं चालत ओरडायची आणि हा मागून गाडी ढकलायचा. मनगटं भरून यायला वर्ष लागलं. आवळा बंद झाला नाही, भागाबाईनं तो होऊ दिला नाही. मॅडमनी कसं आहे म्हणून विचारलं की मी सांगत असे. त्या म्हणायच्या, "आवळा खाऊ द्या. नुकसान नाही. कढईवर नाहीत ना, झालं."

मॅडमचा प्रबंध झाला, लग्न झालं, त्या दुसऱ्या गावी गेल्या. प्रबंधाच्या आभारात माझं नाव आहे. तिथं लिहिलंय, 'प्राण्यांची आस्थेने देखभाल केल्याबद्दल'. 'आस्थेने' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता, सही करताना माझ्याकडे पाहून हसल्या होत्या. माझ्या कायम होण्याच्या कागदावरही शेवटी सरांनी सही केली.

काम सोडल्यावर दोन वर्षांनी सुशीलेला मुलगी झाली. भागाबाई म्हणते आवळ्यानं झाली. सुशीला म्हणते कढई सुटली म्हणून झाली. ताराचंद म्हणतो त्या मॅडमनी खुर्चीवर बसवलं म्हणून झाली. मला विचारलं तर मी सांगतो, एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. मी इतकी वर्षं त्या खोलीत उगाच नव्हतो.

नामकरणाला मी सहकुटुंब गेलो. बुद्धवंदना झाली, मुलीचं नाव ठेवलं, जेवणं झाली. शेडमधले ताराचंदचे तीन जुने सोबती आले होते. मी हात धुवायला मागं गेलो तर त्यांतला एक माझ्यामागं आला. तिशीच्या आतबाहेरचा, गजानन नावाचा. तांब्यानं माझ्या हातावर पाणी घातलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, तुमच्या त्या यंत्रात मानसाचंही दिसते का?"

"मानसाचं दवाखान्यात पाह्यते. काहून?"

"काई नाई. माह्या लग्नाले चार वर्षं झाले."

मी हात पुसायचं थांबवलं. ताराचंदनं कढई सोडली त्याला दोन वर्षांवर होऊन गेलं होतं. इतक्या दिवसांत, रोज बाटल्या भरताना, पिंजरे धुताना, कधी एकदाही मी स्वतःला विचारलं नव्हतं की ती कढई आता कोण ढवळतं. माझ्या बहिणीचं घर वाचलं आणि मी निवांत झालो होतो. मी विचारलं, "ताराचंदच्या जागेवर आता कोन हाय?"

"मीच हाय भाऊ."

मी त्याला मंगळवारी सकाळी आठला कॉलेजच्या फाटकाशी यायला सांगितलं, म्हणजे सोबत दवाखान्यात जाता येईल. मंगळवारी मी साडेसातला पोचलो तर तो येऊन उभा होता. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, आणि त्याच्यासोबत शेडमधले आणखी दोघं होते.